मामाच्या ४१ कॅसेटी : एका संकलनाच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, सावंतवाडी

माळ्यावरचा पत्र्याचा डबा आज खाली उतरवला. आत ४१ कॅसेटी आणि वर घडी करून ठेवलेलं वर्तमानपत्र. झाकण उघडलं तसा जुन्या पुस्तकांसारखा वास आला. म्हणजे बुरशी असणार.

मामाचं गोव्यात म्हापशाच्या बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळी सावंतवाडीहून बसने जायचं, संध्याकाळी परतायचं. शुक्रवारी बाजार भरला की दुकानात उभं राहायला जागा नसे. हणजूण, वागातोर, शापोरा या भागात महिनोन्‌महिने राहणारे परदेशी त्यांचे वॉकमन आणि टेपडेक त्याच्याकडे आणायचे. दुरुस्तीनंतर मोटर नीट फिरते का हे बघायला काहीतरी वाजवावं लागतं, म्हणून गिऱ्हाईक सोबत आणायचा तीच कॅसेट मामा दुकानातल्या डेकवर उतरवून घ्यायचा. अशा साठलेल्या या ४१.

लेबलांवर एकाही गाण्याचं नाव नाही. मामाच्या अक्षरात दुरुस्तीची नोंद आहे : ‘लांब केसांचा जर्मन, मोटर बदलली, २३.१.८६’. ‘बेल्ट सैल, फ्रेंच, आगाऊ दिले’. त्यातल्या १७ लेबलांच्या कोपऱ्यात आणखी एकच शब्द आहे, ‘रात्री’ किंवा ‘पहाटे’. किनाऱ्यावरच्या रात्रभराच्या पार्ट्यांत ती कॅसेट कधी वाजवायची, हे गिऱ्हाइकांनी सांगितलं तसं मामाने लिहून ठेवलं.

या डब्यातून ९० मिनिटांचं एक संकलन करायचं ठरवलं आहे. एकच सी-९० कॅसेट. एक बाजू रात्रीची, एक पहाटेची.

१२ जानेवारी, सावंतवाडी

सगळ्या कॅसेटींना आकडे दिले, फोटो काढले, लेबलं अक्षरशः जशीच्या तशी उतरवून घेतली. ९ कॅसेटींवर पांढरी बुरशी, फितीच्या गुंडाळीवर पिठी साखर भुरभुरल्यासारखी. त्या वेगळ्या पिशवीत. तशाच वाजवल्या तर बुरशी डेकच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीला.

मामाला विचारलं, तू कधी त्या पार्ट्यांना गेला होतास का. दोनदा, म्हणाला. ध्यानात राहिल्या त्या चटया. गावातल्या बायका वाळूत चटया अंथरून, रॉकेलचा दिवा लावून बसायच्या, चहा आणि ऑम्लेट विकायच्या. नाचून दमलेला माणूस तिथे येऊन टेकायचा. पहाटेला सगळ्यात जास्त चहा खपायचा.

१९ जानेवारी, पुणे

आठवडाभरानंतर आज खऱ्या अर्थाने कामाला लागले.

ज्या कॅसेटींचं प्लॅस्टिक चार-पाच स्क्रूंनी जोडलेलं आहे त्या उघडता येतात. चिकटवलेल्या उघडताना फुटतात, म्हणून त्यांची फीत दुसऱ्या रिकाम्या खोक्यात हलवली. सहा कॅसेटींमधला फितीला हेडवर दाबून धरणारा इवलासा पॅड गळून पडला होता. पॅड नसला की आवाज जवळ येतो, लांब जातो, कुणी दार उघडझाप करतंय असा. नवे पॅड चिमट्याने बसवले. बुरशीवाल्या फिती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडातून हाताने फिरवत सावकाश काढल्या. एका सी-९० मध्ये जवळपास १३० मीटर फीत असते. एका कॅसेटीला पाऊण तास गेला.

मग हेड सेटिंग. ही गोष्ट नीट लिहून ठेवते, कारण इथेच बहुतेक लोक घाई करतात. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार पट्टे तेवढ्यात बसवायचे. मामाच्या डेकचं हेड केसभर कललं असेल आणि माझ्या डेकचं सरळ असेल, तर वरचे बारीक आवाज मरतात, झांजा ओल्या कापडाआडून ऐकू येतात. म्हणून प्रत्येक कॅसेटीसाठी हेडचा स्क्रू वेगळा लावायचा. डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोमध्ये ऐकायचं आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने पाव फेऱ्याच्याही पाव फेरा फिरवत जायचं. एका जागी झांज एकदम उघडते. त्या जागेच्या थोडं पुढे जाऊन परत यायचं, म्हणजे खात्री पटते. कॅसेट क्रमांक ७ वर ती जागा सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. ३९ वर्षं त्या फितीत ती झांज बसून होती.

बारकावे सुटू नयेत म्हणून कम्प्युटरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवते आहे.

२ फेब्रुवारी, पुणे

२३ कॅसेटी उतरवून झाल्या. आता ओळख परेड.

संगीत कुठलं? लोकांना वाटतं गोवा म्हणजे ट्रान्स, तेच ते ठेके घुमवत नेणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत. ती १९९० नंतरची गोष्ट. त्याआधीच्या दहा वर्षांत किनाऱ्यावर वाजत होतं ते युरोपातल्या थंड, कारखान्यांच्या शहरांतलं संगीत : शेफील्ड, ड्युसेलडॉर्फ, ब्रसेल्स. सिंथेसायझर आणि ड्रम मशिनवर केलेलं, पंक रॉकनंतरच्या पोरांचं. तिकडे ते अंधाऱ्या क्लबात वाजायचं. इकडे नारळाखाली, भरतीच्या आवाजात. हा प्रवास घडवला लॉराँ, फ्रेड डिस्को, गोवा गिल यांच्यासारख्या कॅसेटवाल्या डीजेंनी. गोवा गिल सॅन फ्रान्सिस्कोचा, १९५१ चा जन्म, १९७० च्या सुमारास गोव्यात आला आणि २०२३ मध्ये वारला. ही माणसं रेकॉर्ड नाही, कॅसेट वाजवायची. उन्हात रेकॉर्ड वाकतात, वाळूत सुई टिकत नाही, आणि शंभर रेकॉर्डींचं ओझं घेऊन कोण हिंडणार? सोनीच्या प्रोफेशनल वॉकमनची जोडी खांद्याच्या पिशवीत मावायची.

आतापर्यंत पक्की ओळख पटलेली :

‘लिएझाँ दांजेरूज’ या जर्मन गटाचं ‘लोस निन्योस देल पार्के’, १९८१. शब्द स्पॅनिश. मामाच्या लेबलवर ‘पोर्तुगीज?’ असं लिहिलंय. म्हापशाच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो ऐकत होता तो सूर त्याला यात लागला असणार. हे गाणं पाच कॅसेटींवर आहे. पाचही ‘रात्री’.

शेफील्डच्या कॅबरे व्होल्टेअरचं ‘यशार’, न्यूयॉर्कच्या जॉन रॉबीने १९८३ साली नव्याने घडवलेलं रूप.

बेल्जियमच्या फ्रंट २४२ चं ‘हेडहंटर’, १९८८. हे अर्थात उशिराच्या कॅसेटींवर.

एसेक्समधल्या नित्झर एबचं ‘जॉइन इन द चांट’, १९८७.

गाणं ओळखणारं फोनवरचं अ‍ॅप निम्म्या वेळा हात टेकतं. वेग थोडा जरी चुकला तरी त्याला ओळख पटत नाही. म्हणजे आधी वेग.

९ फेब्रुवारी, पुणे

कॅसेटीचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. माझा डेक ३१५० हर्ट्झच्या चाचणी कॅसेटीवर तपासून घेतला, बरोबर आहे. पण मामाचा तेव्हाचा डेक?

एक कल्पना सुचली आणि दोन दिवस तिच्यात गेले. दुकानातला डेक विजेवर चालायचा, त्यामुळे फितीवर विजेची बारीक घरघर उमटली आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. ती घरघर आज ५१ वर सापडली, तर फीत दोन टक्के जलद धावतेय. विजेचंच घड्याळ!

जमलं नाही. एकाच महिन्यातल्या दोन कॅसेटींवर घरघर ४८.९ आणि ५०.२ निघाली, पण गाणी दोन्हीकडे सारख्याच पट्टीत. मग लक्षात आलं. ऐंशीच्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारताच स्थिर नव्हती. संध्याकाळी मागणी वाढली की खाली बसायची, मध्यरात्री वर चढायची. २००२ नंतर वीजदेवघेवीची नवी दरपद्धत आली तेव्हा कुठे ती बरीच आवरली. म्हणजे त्या घरघरीत म्हापशाची संध्याकाळ नोंदवलेली आहे, डेकचा वेग नाही.

तेव्हा सरळ रस्ता. ओळख पटलेल्या गाण्याची मूळ रेकॉर्ड विकत घ्यायची, दोन्ही शेजारी लावायची, पट्टी जुळेपर्यंत कॅसेटीचा वेग सरकवायचा. घरघर गाळणीने काढून टाकली.

२३ फेब्रुवारी, पुणे

कॅसेट क्रमांक १९. लेबल : ‘दोन वॉकमन, इटालियन, रात्री, ४.२.८८’.

‘जॉइन इन द चांट’ आहे, पण गाणारा गायब. घोषणा दिल्यासारखा तो आवाज या गाण्याचा प्राण, असं मी आजवर समजत होते. इथे साडेसहा मिनिटं नुसता ढोल आणि बासची धाव. आधी वाटलं वाद्यांचं वेगळं रूप असेल. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा सांधे ऐकू आले. दर काही मात्रांनंतर अगदी बारीक ‘टुक्‌’. पॉझचं बटण. कुणीतरी एका डेकवरून दुसऱ्यावर गाणं उतरवताना आवाज सुरू व्हायच्या आत पॉझ दाबला, मूळ कॅसेट मागे घेतली, वाद्यांचा तोच तुकडा पुन्हा जोडला. असे १४ सांधे मोजले. चौदाही समेवर. एक सोडून. आठवा सांधा थोडा उशिरा लागतो, आणि तिथे नाचणाऱ्याचं पाऊल हवेत अर्धा क्षण जास्त राहत असणार.

हे करून बघितलं. माझ्याकडच्या दोन डेकवर, त्याच पद्धतीने. तीन तासांत चार सांधे जमले. पॉझ सोडल्यावर फीत वेग धरायला किंचित वेळ घेते, त्यामुळे बोट समेच्या आधी हलवावं लागतं. किती आधी, हे त्या त्या डेकवर अवलंबून. तबलजी तिहाई घेताना मनात उलटं मोजतो तसं.

आज ठरवलं : या गाण्याची रेकॉर्डवरची आवृत्ती संकलनात जाणार नाही. हीच जाणार, सांध्यांसकट, आठव्या सांध्यासकट. किनाऱ्यावर जे घडलं ते गाण्यात जितकं आहे तितकंच या पॉझच्या बटणात आहे. हे ज्याने केलं त्याचं नाव लेबलवर नाही, दुरुस्तीच्या तारखेखेरीज त्याचं काही उरलेलं नाही. हे १४ सांधे त्याची रचना आहेत आणि मी ती रचना म्हणूनच जपणार.

८ मार्च, पुणे

हक्कांचं बघून घेतलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. १९८३ चं गाणं २०४३ संपेपर्यंत बांधलेलं. शिवाय रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, रचनेचा वेगळा. दोन ठिकाणी लिहून पाहिलं, पाच आठवडे उत्तर नाही. म्हणून संकलन विकायचं नाही, वाटायचंही नाही. खासगी ऐकण्यासाठी एक कॅसेट, आणि गाण्यांची क्रमवार यादी. यादीवर कुणाचा हक्क नाही. ज्याला हवं त्याने गाणी विकत घेऊन ती मांडावीत.

१६ मार्च, पुणे

मित्रमंडळींकडून सारखं एकच विचारलं जातंय : चरणजीत सिंग का नाहीत?

प्रश्न रास्त आहे. १९८२ साली मुंबईत या माणसाने रोलंड कंपनीचं ८०८ ड्रम मशिन, ३०३ बास मशिन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं संगीत काढलं ते १९८७ मध्ये बाहेर आलं. आपल्याकडे ती तबकडी कुणी फारशी ऐकली नाही, २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. चरणजीत सिंग २०१५ मध्ये गेले. त्यांच्या ललतमध्ये ३०३ ची मींड ऐकताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. आणि ललत म्हणजे पहाटेचा राग. पहाटेच्या बाजूला याहून शोभेसं काय?

तरीही घेत नाही. ४१ कॅसेटींमध्ये ते कुठेच नाहीत. मुंबईतलं ते काम आणि सहाशे किलोमीटरांवरचा तो किनारा एकाच काळात, जवळजवळ त्याच यंत्रांच्या आवाजावर जगत होते आणि मामाच्या दुकानापर्यंत तरी एकाचं दुसऱ्याला कळलं नव्हतं. मी दोघांना शेजारी बसवलं तर ती भेट झाली होती असं ऐकणाऱ्याला वाटेल. झाली नव्हती. या गोष्टीचं मला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं खोट्या शेजाराने झाकायचं नाही.

६ एप्रिल, पुणे

पहाटेची बाजू अवघड जातेय.

रात्रीची बसली : ‘लोस निन्योस’ने सुरुवात, मग ‘यशार’, बेल्जियमच्या अ स्प्लिट-सेकंदचं १९८६ चं ‘फ्लेश’, चौदा सांध्यांचं ‘चांट’, ‘हेडहंटर’, आणखी दोन. ४३ मिनिटं १० सेकंद.

‘फ्लेश’बद्दल एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. बेल्जियममधल्या एका डीजेने मिनिटाला ४५ फेऱ्यांची ही रेकॉर्ड ३३ वर लावली आणि वेगाची कळ आठ टक्के वर सरकवली. हिशेब केला तर मूळ वेगाच्या ८० टक्के होतो, पट्टी जवळजवळ चार स्वरांनी, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्यांनी खाली येते. गाणं एकदम जड, तेलात भिजल्यासारखं झालं आणि लोक वेडे झाले. त्यातून न्यू बीट नावाची सबंध शैली निघाली. वेग हेही वाद्य आहे, हे तेव्हा त्या लोकांच्या बोटांना कळलं होतं.

पहाटेच्या बाजूला मुख्य जागा जर्मन गिटारवादक मानुएल ग्योट्शिंगच्या ‘ई२-ई४’ची. बर्लिनमध्ये १२ डिसेंबर १९८१ रोजी त्याने आपल्या स्टुडिओत एका बैठकीत वाजवलं, १९८४ मध्ये रेकॉर्ड आली. जवळजवळ तासभराचा एकच सलग तुकडा, नाव बुद्धिबळातल्या पहिल्या खेळीवरून : राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. अ‍ॅपला ओळखता आलं नाही कारण कॅसेट क्रमांक ३३ मध्येच कुठेतरी सुरू होते. मला ओळखू आलं ते गिटारमुळे. अर्धा तास दोनच स्वरगुच्छ डोलत राहतात आणि मग कुणी उठून दार उघडावं तशी गिटार येते. सी-९० च्या एका बाजूला अख्खा तुकडा मावत नाही. मामाच्या कॅसेटीवर गिटारीच्या जरा आधीपासून २२ मिनिटं आहेत. तोच काप ठेवला. ज्याने कापला त्याला पहाट माहीत होती.

त्याच्या आसपास स्वित्झर्लंडचे येलो आणि जर्मनीचे क्राफ्टवर्क. ३६ मिनिटं ५० सेकंद झाले. शेवटची जागा रिकामी. मैफलीला भैरवी लागते, ती सापडत नाहीये.

रात्री १० वाजता भोंगे बंद करण्याचा नियम २००० साली आला. नियमाची गरज मला समजते, रात्रभर त्या गावातल्या म्हाताऱ्यांनी आणि बाळंतिणींनी काय सोसलं असेल तेही. पण त्याने उघड्यावरची रात्र संपली तशी तिच्या टोकाची पहाटही संपली, आणि पहाटेसाठी गाणं निवडणाऱ्यांची ती जाणही. मामाच्या लेबलांवरचा तो एक शब्द म्हणूनच मला इतका मोलाचा वाटतो.

१८ एप्रिल, सावंतवाडी

जोडून सुट्टी आली म्हणून आले. घरात काजू भाजल्याचा वास.

भैरवीसाठी कॅसेट क्रमांक १२ मधलं शेवटचं गाणं घ्यायचं ठरवून आले होते. लेबल ‘पहाटे, इंग्रज, १.३.८५’. गाणं न्यू ऑर्डर या इंग्रज गटाचं ‘ब्लू मंडे’, ७ मार्च १९८३ ला आलेलं. इतकं ऐकलेलं गाणं घ्यावं का यावर मी महिनाभर अडले होते. शेवटी त्यातल्या त्या यांत्रिक वृंदगानाने मन वळवलं. क्राफ्टवर्कच्या १९७५ च्या एका तुकड्यातून उचललेला तो आवाज. पहाटे समुद्राकडे तोंड करून ऐकावा असा.

कॅसेटीवर हे गाणं हळू धावत होतं. रेकॉर्डवर ७ मिनिटं २९ सेकंद, इथे ७ मिनिटं ४५. साडेतीन टक्क्यांची चूक. मार्चमध्ये ती दुरुस्त करून ठेवली होती.

संध्याकाळी पडवीत मामाला दोन्ही बाजू ऐकवल्या. रात्रीची त्याने पेपर वाचत ऐकली. पहाटेच्या बाजूला पेपर खाली ठेवला. ‘ब्लू मंडे’ सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, “गो, ह्या धावता.”

मी म्हटलं, धावत नाही मामा, आता बरोबर आहे. तुझ्या कॅसेटीवर हळू होतं, मी नीट केलं.

“ता बिघडलेला नाय होता. तेका तसाच व्हया होता.”

आणि मग त्याने सांगितलं. वॉकमनच्या वेगाचं चाक तुटलं म्हणून तो इंग्रज आला होता. सोनीच्या त्या मोठ्या वॉकमनला वेग कमी-जास्त करण्याचं चाक असायचं. मामाने नवं बसवलं, चालतंय का बघायला कॅसेट लावली, डेकवर उतरवून घेऊ लागला. शेवटच्या गाण्याला त्या माणसाने हात पुढे केला आणि चाक मागे घेतलं. मामाला वाटलं बसवणं चुकलं. तर तो नको नको म्हणाला, आणि आकाशाकडे बोट करून, डोळे मिटून दाखवलं. मामा तसेच डोळे मिटून दाखवत होता. “सकाळी माणसा दमलेली असतत. तेंका दमान व्हया.”

१९ एप्रिल, सावंतवाडी

रात्री झोप नीट लागली नाही. ४० वर्षांपूर्वीची आठवण, माणूस मनातल्या मनात रचतोही. सकाळी उठून ठरवलं, तपासायचं.

आणि तपासता येण्यासारखं होतं. हळू धावण्याची कारणं दोन असू शकतात. मामाचा डेक चुकला असेल, किंवा वाजवणारा वॉकमन मुद्दाम हळू केला असेल. डेक चुकला असेल तर गाण्याबरोबर विजेची घरघरही त्याच प्रमाणात खाली यायला हवी, कारण दोन्ही त्याच फितीवर त्याच वेगाने उमटली. वॉकमन हळू केला असेल तर गाणं खाली येईल आणि घरघर जागची हलणार नाही. ती म्हापशाच्या तारेतून आलेली, तिचा त्या चाकाशी संबंध नाही. फेब्रुवारीत मी त्या घरघरीला घड्याळ करायला निघाले होते आणि फसले होते. पण इथे वीज नेमकी किती हर्ट्झची होती हे कळण्याची गरजच नाही. एकाच संध्याकाळी, एकाच बाजूवर, आधीचं गाणं आणि हे गाणं यांत ती हलली का, इतकंच बघायचं.

अडचण अशी की दुरुस्त प्रतीतून मी घरघर गाळून टाकली होती. मूळ कच्च्या प्रती मात्र पुण्याच्या हार्ड डिस्कवर शाबूत आहेत. इथे डबा आहे, म्हणून मामाने बेल्ट बदलून दिलेल्या वॉकमनवर कॅसेट क्रमांक १२ पुन्हा वाजवली, बॅटरीवर, लॅपटॉपही बॅटरीवर, म्हणजे आजच्या विजेची भेसळ नको.

ढोलाच्या धबधब्यात ५० हर्ट्झ दिसत नाही, पण तिच्या तिप्पट वारंवारतेची रेघ स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, बारीक का होईना दिसते. आधीचं गाणं मूळ रेकॉर्डच्या पट्टीत आणि रेघ १४८.८ वर. मधली शांतता, रेघ १४८.८. ‘ब्लू मंडे’ सुरू, पट्टी साडेतीन टक्के खाली. डेक चुकला असता तर रेघ १४३.६ च्या आसपास उतरली असती.

रेघ १४८.८ वरच, सुतासारखी सरळ, गाणं संपेपर्यंत.

लॅपटॉप उचलून मामाला पडवीत नेऊन दाखवला. त्याने चष्मा लावून रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ह्या माझ्या दुकानातली वीज? होय म्हटलं. बराच वेळ बघत बसला.

२७ एप्रिल, पुणे

मार्चमध्ये ‘दुरुस्त’ केलेली सगळी गाणी पुन्हा कच्च्या प्रतींवरून तपासली, एकूण २९. घरघर आणि पट्टी एकत्र हललेली २४. तिथे डेकचाच दोष, दुरुस्ती कायम. घरघर जागेवर आणि पट्टी हललेली ५. पाचपैकी चार ‘पहाटे’च्या कॅसेटींवर, चारही हळू. एक ‘रात्री’ची, ती दोन टक्के जलद.

एवढ्याशा आकड्यांवरून नियम काढायचा नाही. पण पाचही गाण्यांचा वेग मी केलेल्या प्रतीतून परत त्या माणसांनी ठेवला होता तिथे नेला. यापुढे कुठलाही दोष काढण्याआधी घरघर बघायची, मगच गाळायची. वहीच्या पहिल्या पानावर हे लाल पेनाने लिहिलं.

‘ब्लू मंडे’च्या घडणीतली एक गोष्ट याच आठवड्यात पुन्हा आठवली. सिंथेसायझरची धून सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे स्वर साठवून आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात, भरताना न्यू ऑर्डरच्या गिलियन गिल्बर्टकडून एक स्वर राहून गेला. त्यामुळे धून ठेक्यापासून किंचित सरकते. ती तशीच ठेवली, आणि आज ते सरकणं काढलं तर गाणं ओळखू येणार नाही. साडेतीन टक्के हळू केल्यावर ते सरकणं अधिक स्पष्ट ऐकू येतं.

४ मे, पुणे

शेवटची जुळवणी. क्रोम फितीची न वापरलेली सी-९० मिळाली होती, ती वापरली. डेकचं हेड पुन्हा चाचणी कॅसेटीवर तपासलं, रोलर पुसला.

बाजू अ, रात्र : ४३ मिनिटं १० सेकंद.

बाजू ब, पहाट : ३६ मिनिटं ५० सेकंद, आणि त्यापुढे ‘ब्लू मंडे’ इंग्रजाच्या वेगाने, १३० ऐवजी मिनिटाला साधारण १२५.५ ठोके, ७ मिनिटं ४५ सेकंद. एकूण ४४ मिनिटं ३५ सेकंद. मावतं.

लेबल मामाकडून लिहून घेणार आहे. गाण्यांच्या नावांशेजारी त्या त्या कॅसेटीवरची दुरुस्तीची ओळही घालायची : मोटर बदलली, बेल्ट सैल, वेगाचं चाक नवीन.